तान्ह्या बाळाच्या घरात वजनकाटा असावा का?

ठाण्याची_आई
आमच्या सोसायटीतल्या आयांच्या ग्रुपवर दर रविवारी काट्यावर ठेवलेल्या बाळांचे फोटो येतात. खाली प्रश्न ठरलेला: "या आठवड्यात फक्त नव्वद ग्रॅम वाढलं, वरचं दूध सुरू करू का?" मी सरळच म्हणते, तान्ह्या बाळाच्या घरात काटा नसावा. बाळ नुकतंच प्यायलंय, की शी करून मोकळं झालंय, लंगोट ओला आहे की कोरडा, एवढ्यानेच शे-दीडशे ग्रॅम इकडचे तिकडे होतात. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन उतरतंच, सात ते दहा टक्क्यांपर्यंतसुद्धा, आणि दोनेक आठवड्यांत भरून येतं. नेमक्या त्याच दिवसांत घरातलं कुणीतरी म्हणतं "तुझं दूध पुरत नाही", आणि दूध पावडरीचा डबा आणला जातो.

त्यात पर्सेंटाइल! ते लोकांना दहावीचे टक्केच वाटतात. पंचविसावं पर्सेंटाइल म्हणजे शंभर निरोगी मुलं वजनाच्या चढत्या क्रमाने ओळीत उभी केली तर आपलं पंचविसावं. त्या जागी कुणीतरी असणारच ना?

हिशेबी_बाबा
साफ नामंजूर. तापाच्या औषधाचा डोस वजनावर ठरतो. रात्री दोन वाजता बाळ फणफणलं की डॉक्टर फोनवर पहिलं विचारतात, "वजन किती?" मोजायचं आणि लिहून ठेवायचं, यात घाबरण्यासारखं काय आहे? घाबरणारे काट्याशिवायही घाबरतात.

साताऱ्याची_आजी
आमच्या वेळी बाळसं धरलंय का हे मांडीला हात लावून कळायचं. आणि बाळाचं वजन असं चारचौघांत सांगत नसत, दृष्ट लागते. हसा खुशाल.

धडगावची_सेविका
आजी, हसत नाही, पण हात आणि डोळे दोन्ही फसवतात. मी सातपुड्यात अंगणवाडी चालवते. तीन वर्षांचं मूल दोन वर्षांच्या मुलाएवढं असतं, पण अंगाने प्रमाणशीर दिसतं, खेळतं, हसतं. आई म्हणते, "बापावर गेलंय, बुटकं आहे." उंची मोजून वयाशी ताडल्याशिवाय ते कुपोषण दिसतच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. शंभरातली पस्तीस सगळी बापावर गेली का?

ठाण्याच्या ताई, तुमच्याकडे मोजणं जास्त झालंय, आमच्याकडे ते तुटतं. दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात, लेकरं बरोबर. होळीला परत येतात तेव्हा दर महिन्याचं वजन मांडायच्या वाढीच्या कार्डावरच्या रेघेत महिनेच्या महिने रिकामे असतात. जाताना हिरव्या (ठीक वजनाच्या) पट्ट्यात असलेलं मूल पिवळ्यात (कमी वजन), कधी नारिंगीत (फारच कमी) आलेलं असतं. खरं तर रंग बदलायची वाट बघायचीच नाही. हिरव्यातच रेघ आडवी झाली की त्या घरी जायचं. मूल आजारी होतं का, घास भरवणारं कुणी घरी असतं का, हे विचारायचं. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला तर मग थांबायला वेळच नसतो.

जुना_पुणेकर
पण ही रेघ कुणाची? जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता परदेशी मुलांवर बेतलेला. अर्थतज्ज्ञ अरविंद पानगढियांनी २०१३ मध्ये हाच मुद्दा मांडला होता, की एकच मापदंड लावल्यामुळे भारतातलं कुपोषण फुगून दिसतं. आमच्या घराण्यात कुणी सहा फुटी नाही, मग नातवाने नॉर्वेच्या मुलाशी स्पर्धा का करायची?

निवासी_डॉक्टर
काका, २००६ चा तो तक्ता सहा ठिकाणच्या मुलांवरून केलाय: ब्राझीलमधलं पेलोटास, घानातलं आक्रा, ओस्लो, मस्कत, कॅलिफोर्नियातलं डेव्हिस आणि आपली दक्षिण दिल्ली. आईचं दूध मिळालेली, धूम्रपान न करणाऱ्या आयांची, बऱ्या परिस्थितीतली मुलं. त्यांच्या लांबीतल्या एकूण फरकापैकी ठिकाणामुळे पडलेला जेमतेम तीनेक टक्के, बाकी बहुतेक फरक त्या-त्या ठिकाणच्या मुलामुलांमधला. म्हणजे पहिल्या पाच वर्षांत वंशापेक्षा ताट आणि आजारपणं जास्त बोलतात. घराण्याची उंची पुढे दिसते. पाच वर्षांनंतर आपण भारतीय बालरोग अकादमीचे तक्ते वापरतोच.

पण ठाण्याच्या ताईंच्या बाजूनेही एक सांगतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली सरासरी २.७ किलो, तिकडची ३.५. पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव, चरबी जवळपास राखलेली. वरून लुकडं, आतून चरबीचं. अशा बाळाला रेघ चढावी म्हणून तूप-साखर आणि बिस्किटं कोंबली तर काटा खूश होईल, पण मधुमेहाची तयारी तिथूनच सुरू होऊ शकते. आपल्याकडच्या गुटगुटीत बालक स्पर्धांनी या बाबतीत फार नुकसान केलंय, असं माझं मत.

आणि वर्षानंतर येणारे "जेवतच नाही हो" वाले पालक! बाळ पाच-सहा महिन्यांत जन्मवजनाच्या दुप्पट आणि वर्षात तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात मात्र जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. भूक त्या बेताने घटते. वर्षाच्या मुलीचं मधलं वजन ८.९ किलो असलं तरी सात किलोच्या वरची मुलगीही हिरव्यातच असते.

लेस्टरची_सून
इथे इंग्लंडमध्ये बाळाबरोबर लाल वही मिळते, तिच्यात तक्ते असतात. सल्ला असा की बाळ ठीक असेल तर सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा, मग वर्षापर्यंत दोन महिन्यांतून एकदा, त्याहून जास्त वजन करू नका. माझ्या सासूबाई व्हिडिओ कॉलवर रोज विचारतात ते वेगळं.

ठाण्याची_आई
धडगावच्या ताईंशी माझा वाद नाहीच. रेघ बघून त्या घरी जातात, प्रश्न विचारतात. आमच्या ग्रुपवर रेघही नाही, नुसता आकडा असतो, आणि तो वाचतात शेजारच्या बाया. बाबांना एवढंच म्हणेन, डोससाठी लसीच्या वेळी केलेलं वजन डॉक्टरांच्या फाइलमध्ये असतं.

हिशेबी_बाबा
साडेतीन महिन्यांची लस झाली की पुढची थेट सहाव्या किंवा नवव्या महिन्यात. मधल्या काळात तेच जुनं वजन सांगू? काटा माळ्यावर ठेवतो, पण विकणार नाही.

धडगावची_सेविका
ठेवा की. पण नुसतं वजन नको, लांबीही बघा. दोन वर्षांच्या आतलं मूल उभं करून मोजू नका, भिंतीवर पेन्सिलने रेघ तर नकोच. आडवं निजवायचं, एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने गुडघे सरळ करून तळवे फळीला टेकवायचे. ते रडणारच. आमच्याकडे त्या वेळी मदतनीस आणि आई दोघी लागतात, तुम्ही एकट्याने कसं मोजणार ते सांगा. नाहीतर जवळची अंगणवाडी शोधा. ठाण्यातही असतात, आत कुणी डोकावत नाही एवढंच.