छातीवर बसते ती हडळ की डाकीण?

चोपडेकर: एका लेखाचं भाषांतर करतोय. न्यूफाउंडलंडकडे झोपेत डोळे उघडले पण बोटही हलेना, छातीवर कोणी बसलंय असं वाटलं, की 'ओल्ड हॅग' आली म्हणतात. मी 'हडळ' लिहिलं. आमची आजी मात्र म्हणायची, "राते डाकीन छातीवर बठनी व्हती." काय ठेवू?

शिरपूरकर: हडळ नको भाऊ. हडळ म्हणजे मेलेली बाई. ती चिंचेवर, विहिरीवर. डाकीण जिवंत असते, आपल्याच गल्लीतली, दिवसा धुणं धुणारी. मूळ संस्कृत 'डाकिनी', जशी यक्षिणीची जखीण झाली. इंग्रजीतली हॅगही बहुतेकदा जिवंत म्हातारीच. त्यामुळे अर्थानं डाकीण जवळची.

यावलकर: मला दोनदा झालंय. रात्रीच्या लाइटीवर केळीला पाणी भरायचं, पहाटे चारला घराच्या धाब्यावर उताणं पडायचं. जाग आली तर हातपाय लाकूड, ओरडायला जावं तर आवाज नाही. आईनं उशाशी विळा ठेवला. (विळ्यानं काही झालं नाही, पाण्याची पाळी संपल्यावर थांबलं.)

धुळेकर: पाळीच कारण असेल. जागरण आणि उताणं झोपणं, दोन्हीनं हे वाढतं. स्वप्नांच्या 'रेम' झोपेत मेंदू स्नायू ढिले सोडतो, नाहीतर माणूस स्वप्नात पळता पळता धाब्यावरून खाली येईल. कधी जाग आधी येते आणि अंग मागाहून सुटतं. श्वास चालू असतो, पण मनात आणून खोल घेता येत नाही, म्हणून छातीवर ओझं. स्वप्नाचा उरलेला तुकडा त्या ओझ्याला चेहरा देतो. सेकंदांचा, फार तर काही मिनिटांचा खेळ.

गंमत म्हणजे 'नाइटमेअर'मधली 'मेअर' घोडी नव्हे, जुन्या इंग्रजीत ती छातीवर बसणारी बयाच. फ्युसेलीच्या 1781च्या चित्रात बाईच्या छातीवर भूत बसलंय आणि पडद्याआडून घोडीही डोकावते. जपानीत 'कानाशिबारी', म्हणजे करकचून बांधणं. तिथे शब्दात बाई नाही.

शिरपूरकर: हेच म्हणायचं होतं. आपल्या शब्दात बाई आहे, आणि सातपुड्यात, अक्राणी-अक्कलकुव्याकडे, त्या बाईला घर असतं. रात्री छाती दाबली की सकाळी नाव शोधलं जातं. बहुधा एकट्या विधवेचं. मग मारहाण, गावाबाहेर काढणं. 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यात असा आरोप गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं. हडळीवर खटला भरणार कोण? डाकीण हा शब्द मात्र माणसाला चिकटतो.

चोपडेकर: मग 'म्हातारी बसली' लिहू?

शिरपूरकर: ते तर आणखी वाईट, नेम तिच्यावरच असतो!

यावलकर: आई 'झोपेत दाबलं' म्हणते. कोणी दाबलं ते सांगतच नाही.

धुळेकर: वा, कर्ताच नाही. हे घ्या. 'निद्रापक्षाघात' हा याचा पुस्तकी शब्द वाचला की लकवा आठवतो, आणि इथे तर उठून चहा प्यायचा असतो. 'ओल्ड हॅग' त्यांच्या वाक्यात तशीच राहू द्या.

चोपडेकर: ठीक. आणि आजीचं वाक्य?

शिरपूरकर: राहू दे, अवतरणात. तिनं कोणाचं नाव घेतलं होतं का पण?

चोपडेकर: काकूला विचारलं. घेतलं होतं म्हणे. शेजारच्याच घरातलं.