अनुभव धागा: आज्जीच्या ट्रंकेत, देवघरात, गल्ल्यात काय पडलंय? जुनी नाणी, खडे आणि अजब वस्तू

वडगावचा नाणेवाला: मंडळी, हा धागा कधीचा काढायचा होता. आपल्या बेळगाव भागातून आदिलशाही गेली, मोगल गेले, मराठे, इंग्रज सगळे गेले, शहापूर तर सांगलीकरांचं होतं आणि घाट उतरला की पोर्तुगीज. प्रत्येकजण काही ना काही मागं टाकून गेलाय आणि ते कुणाच्या तरी तांदळाच्या डब्यात नाहीतर देवाच्या ताटलीत पडून आहे. तुमच्याकडं काय आहे ते सांगा, मिळून ओळखू. दोन्ही बाजू कशा दिसतात ते लिहा, सोनाराच्या काट्यावर वजन करून घ्या, चुंबक लावून बघा. आणि कृपा करून चिंच लावून घासू नका! तांब्याचा जुना काळपट रंग गेला की नाण्याची निम्मी किंमत गेली म्हणून समजा.

सुरुवात मीच करतो. आमच्या देवघरात एक शिवराई आहे, आई तिला रोज हळदकुंकू लावायची त्यामुळं अक्षरांत लाल गाळ बसलाय. एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपति, कडेनं ठिपक्यांचं वर्तुळ. घरात सगळे सांगायचे की ही महाराजांच्या राज्याभिषेकाची, म्हणजे १६७४ ची. तशी ती नाही. तिच्यावर दोन आडव्या दांड्या आहेत, म्हणजे दुदांडी, बरीच नंतरची. महाराजांच्या नावानं शिवराई पार एकोणिसाव्या शतकापर्यंत पाडत होते, त्यामुळं घराघरात जी सापडते ती बहुतेक ही नंतरचीच असते. पण देवघरातून काढायची काय बिशाद, आईनं हात मोडला असता.

खानापुरी: आमच्याकडं चांदीचा एक रुपया आहे, आजोबांना जंगलच्या कामाचे पैसे म्हणून गोव्याकडच्या व्यापाऱ्यानं दिलेला. एका बाजूला दाढीवाला राजा, दुसरीकडं मुकुट आणि ढाल, इंग्रजी अक्षरं पण वाचून काय कळत नाही, साल १८८२. आम्ही लहानपणी व्हिक्टोरियाचा नवरा म्हणायचो.

वडगावचा नाणेवाला: हाहा, नवरा नव्हे तो पोर्तुगालचा राजा लुईस पहिला. खाली इंडिया पोर्तुगेझा आणि उमा रुपिया असं लिहिलेलं असणार बघा. वजन करा, ११.६६ ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे, ब्रिटिश रुपयाएवढंच. आपल्या बाजारात दोन्ही चालायला अडचण नव्हती ती त्यामुळंच. जपून ठेवा, छान आहे.

शहापूरचे काका: वजनावरून आठवलं. आमच्या दुकानात वजनं हरवली की वडील सरळ चांदीचे रुपये टाकायचे पारड्यात. रुपया म्हणजे एक तोळा, ऐंशी रुपये म्हणजे एक शेर, तूप हिंग केशर सगळं रुपयाभार मोजायचे. आजच्या पोरांना तोळा फक्त सोन्याचा माहीत. त्याच रुपयांत एक १९११ चा पंचम जॉर्ज निघाला, भिंगातून बघितलं तर राजाच्या झग्यावर जो हत्ती आहे त्याची सोंड इतकी आखूड की डुक्कर वाटावं. लोक भडकले, सरकारनं बरेच परत घेऊन वितळवले आणि १९१२ पासून नीट सोंडेचा हत्ती आला. माझा तो रुपया पारड्यात घासून घासून गुळगुळीत झालाय, पण सोंड दिसते अजून, म्हणजे नसलेली सोंड दिसते.

हातमागवाली वडगाव: आमच्याकडं फक्त भोकाचे पैसे 😄 युद्धाच्या वेळचे, १९४३ ते ४७. मागाच्या नटबोल्टला वायसर म्हणून बसवलेले. मामंजी म्हणायचे वायसर पैशापेक्षा महाग म्हणून पैसाच घातला.

निपाणीची लेक: माझा प्रश्न जरा वेगळा आहे, आईची पुतळ्यांची माळ आहे, लग्नात मला आली. त्यातल्या बाकीच्या पुतळ्या एकसारख्या, लक्ष्मीसारखी आकृती, पण मधली एक पुतळी पातळ आणि तिच्यावर दोन माणसं, एक उभा, एक गुडघ्यावर बसलेला आणि मधे काठीला झेंडा. मागच्या बाजूला बदामाच्या आकारात एक माणूस उभा आणि भोवती चांदण्या. मी लहानपणी राम आणि हनुमान समजायची. सोनार म्हणाला बाई हे मोडून नवीन करू, मी नाही म्हटलं.

सराफकट्टा: ताई नाही म्हणालात ते लाख मोलाचं केलंत. ती व्हेनिसची मोहोर, डुकाट. उभा आहे तो संत मार्क, गुडघ्यावर व्हेनिसचा प्रमुख आणि मागं चांदण्यांमधे येशू. मसाल्याच्या व्यापारात ही नाणी इकडं आली आणि सोनं इतकं शुद्ध की लोकांनी गळ्यातच घातली. आपल्याकडच्या कारागिरांनी मग तशीच नाणी ठोकली, पण त्यांना ती अक्षरं येत नव्हती त्यामुळं नुसत्या रेघोट्या उमटल्या. भिंग लावा, अक्षरं लॅटिन म्हणून लागतात का बघा. अस्सल असेल तर साधारण साडेतीन ग्रॅम, कडी डाग दिलेली असेल तर थोडं जास्त भरेल.

निपाणीची लेक: बघितलं. रेघोट्याच आहेत ओ. पण आता तर मला जास्तच आवडायलीय.

सराफकट्टा: खड्यांचं पण सांगतो, कारण दुकानात महिन्याला एकतरी कुणी "पणजीचं बर्मी माणिक" घेऊन येतंय. १९०२ मधे वर्नुई नावाच्या फ्रेंच माणसानं माणिक करायची भट्टी जाहीर केली आणि त्यानंतर काही वर्षांत असे खडे ढिगानं बाजारात आले. त्यामुळं "शंभर वर्षांचं आहे म्हणजे खरंच" हे गणित चालत नाही. दहापट भिंगातून आत बघायचं. आतल्या रेषा ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या गोलसर वळलेल्या दिसल्या की भट्टीतलं. खाणीतल्या खड्यात रेषा सरळ असतात, सुयांसारखे तंतू असतात, काहीतरी कचरा असतो. गंमत म्हणजे भट्टीतलंही रासायनिक दृष्ट्या माणिकच, ॲल्युमिना आणि चिमूटभर क्रोमियम. आणि तोच पांढरा ॲल्युमिना आपल्या बेळगावात बॉक्साईटपासून टनावारी काढतात!

अथणी_बोअरवेल: विहीर खणताना काळ्या दगडात पोकळी लागली, आत पांढरे खडे चकाकत होते. गडी लोक हिरा म्हणून खिशात भरालेत 😂 मी एक डबाभर ठेवलाय. काय असंल?

वडगावचा नाणेवाला: हिरा नाही ओ. हा काळा दगड लाव्ह्याचा, वाफेच्या बुडबुड्यांमुळं जी पोकळी राहते तिच्यात पाणी झिरपून असे स्फटिक वाढतात. आधी काचेवर ओरखडा ओढा, उठला आणि सहा बाजूंचं टोक असेल तर गारगोटी. नाही उठला तर खड्यावर थोडं व्हिनेगर टाका, बारीक बुडबुडे आले की कॅल्साईट. आणि पापुद्र्यासारखे किंवा पंख्यासारखे असतील तर झिओलाईट गटातले, आपल्या दख्खनच्या दगडातले ते जगभर जातात. डबा आदळू नका, झिओलाईट मऊ असतंय.

चिकोडी_फाटा: मी पैसे वाचवायला लिहालोय. आमच्या पाहुण्यांना कुणीतरी सांगितलं की वीज पडलेल्या तांब्याच्या भांड्यात इरिडियम तयार होतंय, ते तांदूळ ओढतंय आणि अंतराळ संस्थेचे लोक कोट्यवधी देतात. रात्री डेमो झाला, तांदळाचे दाणे खरंच सरकले, मग "टेस्टिंगला" पैसे, मग सुटाबुटातला शास्त्रज्ञ आला त्याचे पैसे, असं करत एक एकर गेलं. आत चुंबक असतंय आणि तांदळाला लोखंडाचा भुगा लावलेला असतोय, बस्स एवढंच विज्ञान. तसंच ते राम सीता हनुमान असलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं नाणं, कंपनीनं असलं काही कधी पाडलंच नाही, जत्रेत किलोवर मिळतंय. आणि वैष्णोदेवीच्या पाच दहा रुपयांच्या नाण्याला लाख देतो म्हणून फोन आला तर सरळ ठेवून द्या, असल्या फसवणुकीबद्दल २०२१ मधे रिझर्व्ह बँकेनं पण सांगितलंय.

गोकाकचा मास्तर: आमच्या गावच्या टांकसाळीबद्दल कुणी काही बोलंना म्हणून मीच लिहितो. मोगलांनी बेळगावचं नाव आझमनगर केलेलं, आणि चांदीच्या रुपयांवर फारसीत आझमनगर गोकाक अशी टांकसाळ येते. अंमल मराठ्यांचा पण नाव दिल्लीच्या बादशहाचं, तेव्हाची रीतच ती. ठसा मोठा आणि चकती लहान त्यामुळं एका नाण्यावर नाव अर्धंच येतं, दोनतीन शेजारी ठेवून जुळवावं लागतं. माझ्याकडं एक आहे, त्यावर कसंबसं शेवटचं अक्षर आलंय.

हलशी_रोड: शेतात सापडलं तर काय करायचं? आमच्या गावात कदंबांची राजधानी होती, कुणाला सोन्याचा सिंहवाला गद्याण, म्हणजे त्यांचं नाणं, मिळाला अशी कुजबूज कायम चालू असते.

गोकाकचा मास्तर: जमिनीतून निघालं तर आपल्या कर्नाटकात १९६२ चा निखात निधी कायदा लागू आहे. जिल्हाधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्याकडं डीसींना, लेखी कळवायचं. गुपचूप वितळवलं तर सोनं मिळेल, पण त्यावरचं कदंबांच्या देवाचं, सप्तकोटीश्वराचं, नाव कायमचं जाईल. आणि हो, कुठल्या खोलीवर सापडलं, सोबत खापरं होती का, ते लिहून ठेवा.

हलशी_रोड: बरं सर. आता भावजीला विचारतो कुजबूज खरी की काय ते.

शहापूरचे काका: नाणेवाले, त्या आखूड सोंडेच्या रुपयासाठी प्लास्टिकची पिशवी चालते की कागदाचं पाकीट?

वडगावचा नाणेवाला: साध्या मऊ प्लास्टिकच्या पिशवीत नको काका, काही वर्षांनी चिकट हिरवट थर धरतो. कोरडं कागदी पाकीट घ्या, आणि आता तरी त्याला पारड्यातून बाहेर काढा!