टाकीच्या झाकणाचं वॉशर : बूच, रबर की व्हायटन?

एकसिलिंडर (धागाकर्ता)

जुन्या मोटरसायकली पाळणाऱ्यांत एक सोवळं कडकडीत असतं. कारखान्यातून जे लागून आलं तेच लावायचं. रंग तोच, बोल्टचं डोकं तेच, वायरीवरचं कापडही तेच. त्याबद्दल माझं भांडण नाही. पण हे सोवळं पेट्रोलच्या झाकणाखालच्या वॉशरपर्यंत आणू नये, एवढंच म्हणायला हा धागा काढतोय.

माझी गाडी १९५९ ची. झाकण पाव वळशात बसणारं, आत स्प्रिंगची पट्टी, खाली दोन कान. वॉशर मूळचं बुचाचं. तीन वर्षांत दोनदा बदललं. पहिलं गाडी उभी असताना वाळून आक्रसलं आणि कडेने तडकलं. दुसऱ्याला एका जाणत्याच्या सांगण्यावरून चपड्याचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन हात दिले, तर ते महिन्याभरात गुळासारखं चिकट. टाकी भरलेली असताना पुढचा ब्रेक दाबला की पेट्रोल झाकणाखालून वर येऊन ओघळायचं. सोनेरी रेघ गेली, रंगाला सुरकुत्या पडल्या. रंगाचं एक वेळ सोडून देऊ, पण तोच ओघळ टाकीवरून खाली तापलेल्या इंजिनाकडे जातो. उणे ४० अंशांच्या आसपासही पेट्रोलची वाफ ठिणगीने पेटू शकते, तिथे उन्हाची काय कथा.

शेवटी व्हायटनच्या, म्हणजे पेट्रोलला दाद न देणाऱ्या कृत्रिम रबराच्या, २ मिमी जाडीच्या शीटमधून वॉशर कापलं. गळती त्याच दिवशी थांबली. बुचाचं प्रेम आता काचेच्या कपाटात ठेवावं, असं माझं मत झालंय.

(गाडी हल्ली आठ-दहा किलोमीटर गेली की अडखळून बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की परत चालू. तो कॉइलचा, म्हणजे ठिणगीला वीज पुरवणाऱ्या गुंडाळीचा विषय, त्यासाठी वेगळा धागा काढीन.)

---

बुचकळ्या

साफ असहमत. तुमचं बूच हरलं नाही, ते नीट लावलं गेलं नाही.

बूच दाबलं की दाबल्या जागीच बसतं, बाजूला पसरत नाही. रबराचं उलट आहे. रबर दाबलं की त्याचं आकारमान घटत नाही, ते कडेने फुगतं. त्याला फुगायला जागा लागते. जुन्या झाकणाच्या वाटीला कडेने उभी कड असते, वॉशर तिला घट्ट बसलेलं असतं. तिथे रबर फुगणार कुठे? मग ते एका बाजूने उचलतं, नाहीतर झाकणाचे कान वळेपर्यंत जोर लावावा लागतो. कान वळले की झाकण कायमचं ढिलं.

दुसरं, साठ-पासष्ट वर्षांच्या टाकीचं तोंड सपाट नसतं. कुठे नोझल आपटून पोचा पडलेला, कुठे जुनं डाख वर आलेलं. बूच त्या पोच्यात शिरतं. व्हायटन बऱ्यापैकी कडक असतं आणि ते दाबायला जी स्प्रिंग आहे ती तुमच्या गाडीच्याच वयाची.

चपड्याचं म्हणाल, तर तो साध्या पेट्रोलला दाद देत नाही, पण अल्कोहोलमध्ये विरघळतो. पॉलिशवाले चपडा स्पिरिटमध्येच भिजत घालतात. आता पेट्रोलमध्येच इथेनॉल आहे म्हटल्यावर तो चिकट होणारच. चुकलं ते चपड्याचं, बुचाच्या नावावर का टाकता?

---

रिकामी टाकी

इतका ऊहापोह कशाला? वॉशर काढायचं, उलटं करून लावायचं. आणखी दोन वर्षं जातात.

---

एकसिलिंडर

@रिकामी टाकी, उलटं केलं तर जुन्या दाबाची खाच वरच्या बाजूला, वाटीकडे जाते. मग पेट्रोल खालून न येता वॉशरच्या वरून फिरून येतं. केलंय मी हेही.

@बुचकळ्या, फुगण्याला जागा लागते हे मान्य. म्हणून बाहेरचा व्यास वाटीपेक्षा मिलिमीटरभर कमी कापलाय. पण "नीट लावलं नाही" हे पटत नाही. चपडा नको म्हणता, मग उघडं बूच? ते सुकतं. आठवड्यातून दोनदा गाडी काढणाऱ्याचं ठीक आहे, माझी महिनोन् महिने उभी असते. आणि वॉशर आक्रसलं की पावसाचं पाणी आत. पाणी पेट्रोलपेक्षा जड, टाकीच्या तळाशी जाऊन बसतं आणि पत्रा आतून खातं. बाहेरून टाकी चकचकीत, कॉक (टाकीखालची तोटी) काढला की चहासारखं पाणी.

आता एक गंमत. तुम्ही लोक व्हायटनला आधुनिक भेसळ म्हणता. ते बाजारात आलं १९५७ साली. माझी गाडी १९५९ ची. म्हणजे व्हायटन गाडीपेक्षा दोन वर्षांनी थोरलं!

---

बुचकळ्या

थोरलं असेल, पण त्या काळी ते विमानांत जात होतं. मोटरसायकलच्या झाकणाला कोणी लावलेलं मी तरी पाहिलेलं नाही. 🙂

---

अर्धी किक

दोघेही टोकाला गेलात. मधला नायट्राइल विसरलात, तेही कृत्रिम रबरच. वॉशर पेट्रोलमध्ये बुडून राहत नाही. त्याला वाफ लागते आणि अधूनमधून शिंतोडे. एवढ्याला साधं नायट्राइल पुरतं. ते मऊ मिळतं, पोच्यातही बसतं, घरी कात्रीने कापता येतं. इथेनॉलने थोडं फुगतं, मान्य. पुन्हा वाळलं की कडक होतं, तेही मान्य. दोन वर्षांनी नवीन कापायचं, इंजिनाचं तेल बदलतो तसं. त्यात कसलं आलंय दुःख?

फक्त सायकलच्या ट्यूबमधून वॉशर कापू नका. पेट्रोलमध्ये त्याचा पापड फुगतो. ब्रेकच्या जुन्या रबरातूनही नको. ते ब्रेक ऑइलसाठी केलेलं असतं, पेट्रोलचं आणि त्याचं अजिबात जमत नाही. आणि कृपा करून ट्यूबमधलं सिलिकॉन फासू नका. ते फुगून सुटतं, तुकडे टाकीत पडतात आणि थेट कार्ब्युरेटरच्या जेटपर्यंत पोचतात.

---

सायलेन्सर

अख्खं झाकणच नवीन घ्या. तयार मिळतात, वॉशरसकट.

---

बुचकळ्या

@सायलेन्सर, घेतलं होतं. दिसायला हुबेहूब. कानांची उंची अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे, त्यामुळे एक तर वळेना, नाहीतर वळून खुळखुळे. क्रोमखालचा पत्राही वर्षात गंजला. जुनं झाकण जड असतं, त्याची स्प्रिंग अजून जीव धरून असते. वॉशरवरून माझं आणि धागाकर्त्याचं भांडण चालू राहू दे, पण झाकण टाकायचं नाही यावर आमचं एकमत असावं.

---

एकसिलिंडर

झाकणावर एकमत. तेवढ्यावरच.

---

धूरकट

सगळे वॉशरवर तुटून पडलेत आणि धागाकर्त्याने कंसात टाकलेलं वाक्य कोणी वाचलंच नाही.

आठ-दहा किलोमीटरवर बंद, थोडं थांबलं की चालू. अहो, हे नवीन वॉशर बसवल्यापासून होतंय का?

झाकणाला हवेचं छिद्र असतं. टाकीतून लिटरभर पेट्रोल गेलं तर लिटरभर हवा आत यायला हवी. ते छिद्र मळाने, गंजाने, क्वचित रंगाने बुजतं. आत हवा येत नाही, पोकळी तयार होते, पेट्रोल खाली उतरेनासं होतं, कार्ब्युरेटरची वाटी रिकामी. गाडी उभी केली की कुठून तरी हळूहळू हवा शिरते आणि पुन्हा चालू. तुमचं छिद्र कदाचित वीस वर्षं बुजलेलं असेल. इतके दिवस तुमचं फाटकं बूचच टाकीला श्वास देत होतं! तुम्ही ते काढून घट्ट व्हायटन बसवलंत आणि तिचं नाक दाबलंत.

तापून बिघडणारी कॉइलही अगदी असंच सोंग करते, म्हणून आधी खात्री करा. गाडी बंद पडली की थांबू नका. बाजूला घ्या, इंजिनापासून डोकं लांब ठेवा आणि लगेच झाकण उघडा. "फुस्स" असा आवाज आला, थोडा वेळ जाऊ दिलात आणि झाकण पुन्हा बसवून पहिल्या-दुसऱ्या किकला चालू झाली, तर दोष झाकणाचा. तरीही पंधरा-वीस मिनिटं गार होईपर्यंत हललीच नाही, तर कॉइलकडे वळा.

---

रिकामी टाकी

त्यात काय, एक मिलिमीटरचं ड्रिल घ्यायचं आणि झाकणाच्या मधोमध भोक पाडायचं. संपला विषय.

---

धूरकट

@रिकामी टाकी, नका हो! बऱ्याच झाकणांत वरचं आणि आतल्या पत्र्याचं छिद्र मुद्दाम एकासमोर एक ठेवलेलं नसतं. हवेला वळण घेऊन जावं लागतं, पेट्रोलची उसळी मात्र आतल्या पत्र्यावर अडते. सरळ आरपार भोक पाडलंत तर ब्रेक मारताच पिचकारी उडेल, तीही बसणाऱ्याच्या मांडीवर. जुनंच छिद्र बारीक तारेने मोकळं करा, झाकण टाकीपासून लांब नेऊन कार्ब्युरेटर क्लीनर मारा, उलट बाजूने हवा फुंका. वॉशरचं आतलं भोकही बघा. ते लहान कापलं गेलं असेल तर वॉशरच आतल्या छिद्रावर बसतं.

---

सायलेन्सर

म्हणून म्हणत होतो, नवीन झाकण.

---

एकसिलिंडर

काल गाडी काढली. नवव्या किलोमीटरवर नेहमीसारखी अडखळली. झाकण उघडलं, आणि काय फुस्स झालंय! सायकलचा व्हॉल्व्ह सुटावा तसं. बसवून दुसऱ्या किकला चालू. गेले दोन महिने मी कॉइलला शिव्या घालत होतो. नवीन कॉइल मागवूनही झाली. ती आता कपाटात, बुचाच्या शेजारी.

घरी आल्यावर झाकण उलटं करून बघितलं. वरचं छिद्र पॉलिशच्या पांढऱ्या पेस्टने गच्च भरलेलं. म्हणजे अपराधी मीच. दर रविवारी झाकण घासून चमकवायचो ना! धूरकट, तुम्हाला साष्टांग.

आता त्या छिद्रातून तार आरपार जाते आणि काल संध्याकाळी तीस किलोमीटर न थांबता गेलो. तरी वॉशरबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. उलट पक्कं झालंय. वॉशरचं काम पेट्रोल अडवण्याचं, हवा सोडण्याचं काम छिद्राचं. बूच दोन्ही कामं अर्धी-अर्धी करत होतं आणि मला वाटत होतं सगळं ठीक आहे.

---

बुचकळ्या

फाटक्या बुचावरून सगळ्या बुचांची परीक्षा करताय.

बरं, एक विचारतो. टाकी काठोकाठ भरता का? पेट्रोल एका अंशाला हजारात साधारण एक भाग फुगतं. बारा लिटरची टाकी सकाळी गार पेट्रोलने गच्च भरली आणि उन्हात वीस अंश तापली, तर दोनशे मिलिलिटरहून जास्त पेट्रोलला जागा लागते. ते छिद्रातून येणार. वॉशर सोन्याचं लावा, येणारच. तुमच्या गळतीत त्याचा किती वाटा होता कुणास ठाऊक.

---

एकसिलिंडर

भरत होतो. गळ्यापर्यंत. आता तीन बोटं खाली ठेवतो. पण ब्रेक मारल्यावरची गळती तीन बोटं खालीही होती, बूच असताना.

आणि भांडण चालू आहे तोवर एक प्रयोग केला. काचेच्या तीन बरण्या, तिन्हींत आपण भरतो तेच इथेनॉलवालं पेट्रोल. एकीत चपडा दिलेलं बूच, एकीत नायट्राइल, एकीत व्हायटन. झाकणं घट्ट लावून, घरापासून लांब सावलीत आठ दिवस. आधी आणि नंतर व्यास मोजला. चपडा बोटाला चिकटतो आणि बरणीच्या तळाशी पिवळट गाळ. नायट्राइल २० मिमीचं जवळपास २१.५ झालं. व्हायटनमध्ये माझ्या कॅलिपरला फरक दिसला नाही.

---

अर्धी किक

आठ दिवस बुडवून ठेवलंत म्हणून. मी आधीच म्हटलं होतं, ते बुडलेलं नसतं.

---

एकसिलिंडर

@अर्धी किक, खरंय. पण सूज दिसली की मग माझा विश्वास बसत नाही.

---

बुचकळ्या

बरणीत स्प्रिंग नव्हती, पोचा पडलेलं तोंडही नव्हतं. टाकीच्या काठावर खडूची पूड लावा, झाकण बसवा, काढा आणि वॉशरवर पूर्ण गोल उमटतं का ते बघा. जिथे गोल तुटेल तिथे तुमचं व्हायटन टेकत नाही.

---

एकसिलिंडर

केलं. डाव्या बाजूला बोटभर तुटलं. तिथे पोचा आहे.

आतून लाकडी ठोकळा धरून हळूहळू ठोकून काढलाय, टाकी धुऊन वाळवून मगच. आता गोल पूर्ण येतो. पण तुम्ही सांगितलं नसतं तर बघितलं नसतं, हे कबूल.

---

बुचकळ्या

चला, निदान तोंड तरी सरळ झालं. त्या शीटचा तुकडा उरला असेल तर माझ्यासाठीही एक वॉशर कापून ठेवा. बाहेरचा व्यास ५७ मिमी, आतला ३८, आणि आतला बिलकुल कमी नको. प्रदर्शनाला न्यायच्या दिवशी मी बूचच लावणार आहे.