पाळी गेली, मग इस्ट्रोजेन येतं कुठून?

वय ५६, पाळी जाऊन ४ वर्षं झाली. गेल्या आठवड्यात आतल्या कपड्यावर नखाएवढा तपकिरी, रक्ताचा डाग दिसला. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या अस्तराची जाडी ११ मिमी, म्हणून बायोप्सी सांगितलीय. डॉक्टर म्हणाल्या, इस्ट्रोजेनमुळे असू शकतं. अहो, अंडाशयांनी तर कधीच दुकान बंद केलं! (वजन ८८ किलो. लपवून काय करू?)

सायलेंट_वाचक: चरबीतून येतं. तिथलं अ‍ॅरोमाटेज नावाचं एन्झाइम अ‍ॅड्रिनल ग्रंथींकडून आलेल्या हार्मोनचं इस्ट्रोजेन बनवतं. इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं, प्रोजेस्टेरॉन त्याला लगाम घालतं. पाळी गेल्यावर लगाम उरत नाही. पीसीओएसमध्येही (अंडाशयाशी निगडित हार्मोनचा बिघाड) हेच: बीज सुटत नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉन नाही.

उंबरठा: पाळीनंतर नुसत्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेणाऱ्यांत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वाढल्याचं १९७५ मध्येच छापून आलं होतं. तेव्हापासून गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन देतात. उलट, संयुक्त (दोन्ही प्रकारची हार्मोन असलेल्या) गर्भनिरोधक गोळ्यांनी धोका घटतो, आणि गोळ्या थांबवल्यावरही तो फायदा बरीच वर्षं टिकतो. तुम्ही टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कॅन्सरवरचं औषध) घेता का? ते स्तनात इस्ट्रोजेनला अडवतं, गर्भाशयात मात्र त्याच्यासारखंच वागतं.

मूळ प्रश्नकर्ती: नाही, फक्त बीपीची गोळी. पण तिशीत माझी पाळी तीन-तीन महिने यायची नाही, आणि मी खूश असायचे, कटकट नाही म्हणून!

सायलेंट_वाचक: हे डॉक्टरांना नक्की सांगा. आणि बायोप्सी पुढे ढकलू नका. पाळी गेल्यावर रक्तस्राव झालेल्या दहांतल्या साधारण नऊ जणींना कॅन्सर निघत नाही, पण ते तपासल्यावरच कळतं.

मूळ प्रश्नकर्ती: मंगळवारी आहे.