इमेजमॅजिकचं पॅकेज स्वतः बनवतोय, कंपाइल करताना कुठली फीचर्स चालू ठेवू?

रावपुरा_प्रेसवाला
नमस्कार मंडळी, बडोद्याला रावपुऱ्यात आमचं प्रेस आहे, लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, फ्लेक्स, मराठी आणि गुजराती दोन्ही. दुकानातली सगळी मशीनं उबुंटू 22.04 वर आहेत, त्यात इमेजमॅजिक (चित्रांचे फॉरमॅट बदलायचं, त्यावर अक्षरं टाकायचं सॉफ्टवेअर) 6 येतं आणि मला 7 पाहिजे, म्हणून सोर्सवरून स्वतःचं डेब पॅकेज (उबुंटूवर सॉफ्टवेअर टाकायची फाइल) बनवून सगळीकडे तेच टाकायचं ठरवलंय. कॉन्फिगर (कंपाइलच्या आधीची तयारीची स्क्रिप्ट) चालवलं की शेवटी हा एवढा तक्ता येतो, हेइक, वेबपी, डेजाव्हू, ओपन ईएक्सआर, डब्ल्यूएमएफ, एफएफटीडब्ल्यू, रक्म, पँगो, एचडीआरआय, अर्ध्या नावांचा मला पत्ताच नाही. शेठ म्हणतात सगळंच चालू करून टाक, गिऱ्हाईक कधी काय घेऊन येईल सांगता येत नाही. मित्र म्हणतो लागतं तेवढंच ठेव. कोणाचं ऐकू?

आणि एक भानगड. माझ्या मशीनवर बनवलेलं पॅकेज मस्त चालतं, पण तेच स्वच्छ कंटेनरमध्ये (मशीनमधल्याच वेगळ्या, कोऱ्या जागेत) बनवलं तर 'चि. सौ. कां. शिल्पा' मधली वेलांटी श च्या आधी येण्याऐवजी नंतर जाऊन बसते आणि ल खाली हलन्त घेऊन प पासून वेगळा उभा राहतो. गुजरातीत पण तेच. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. प्रूफ काढताना दिसलं म्हणून बरं.

डेबवाली_ताई
दादा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचं अर्धं उत्तर आहे. वेलांटीचं काम लिबरक्म (तक्त्यातलं रक्म, अक्षरं जोडून जागेवर बसवणारी लायब्ररी) करते, ती आतून हार्फबझ आणि फ्रिबिडी ह्या लायब्रऱ्या वापरते. ती नसेल तर इमेजमॅजिक रडत नाही, सरळ फ्रीटाइप ह्या फॉन्ट वाचणाऱ्या लायब्ररीकडून एकेक आकार घेऊन ओळीत मांडतं. इंग्रजीला तेवढं पुरतं, त्यामुळे ज्यांना देवनागरी लागत नाही त्यांच्या हे लक्षातच येत नाही. तुमच्या मशीनवर रक्मची डेव्ह लायब्ररी (कंपाइल करताना लागते ती) आधीपासून पडलेली असणार, कंटेनरमध्ये नसणार.

खरा घोळ हा की कॉन्फिगर स्वतःच शोधाशोध करतं, सापडलं तर चालू, नाही तर बंद. म्हणजे पॅकेजमध्ये काय जाणार हे तुम्ही नाही, ज्या मशीनवर बिल्ड केलं ती मशीन ठरवते. त्यामुळे जे पाहिजे ते 'विथ' लिहून मागा, जे नको ते 'विदाऊट' लिहून नाकारा, एकही ओळ नशिबावर सोडू नका, आणि पाहिजे त्या प्रत्येकाची डेव्ह लायब्ररी पॅकेजच्या कंट्रोल फाइलमधल्या बिल्ड-डिपेंड्समध्ये (बिल्डला काय लागतं त्या यादीत) टाका. एवढं करूनही सावध राहा, कारण 'विथ' मागितलं आणि लायब्ररी मिळाली नाही तर बिल्ड थांबत नाही, त्या शेवटच्या तक्त्यात मागणीच्या रकान्यात येस आणि प्रत्यक्षच्या रकान्यात नो दिसतं, आणि तो तक्ता शेवटपर्यंत कोण वाचतं! म्हणून रूल्स फाइलमध्ये (पॅकेज बनवायच्या पायऱ्या असतात ती) टेस्टच्या पायरीला व्हर्जनची कमांड चालवून डेलिगेट्सच्या ओळीत (जोडलेल्या लायब्रऱ्यांच्या यादीत) रक्म आहे का हे ग्रेप ह्या शोधायच्या कमांडने तपासायचं, नसेल तर बिल्ड फेल. जमलं तर 'शिल्पा' शब्दच एकदा छापून आधीच्या चांगल्या चित्राशी जुळवून बघायचा.

सगळं चालू करण्याबद्दल: डेबियनची (उबुंटू ज्याच्यावर बनलंय ते) टूल्स प्रत्येक लिंक झालेली लायब्ररी पॅकेजच्या डिपेंडन्सीत आपोआप लिहितात. तुम्ही ओपन ईएक्सआर (चित्रांचा एक फॉरमॅट) चालू केलंत की त्याची लायब्ररी काउंटरवरच्या मशीनवर पण जाऊन बसणार. डिस्क भरते हा मुद्दा नाही, तेवढ्या लायब्रऱ्यांचे अपडेट सांभाळावे लागतात.

कुलूपकिल्ली
मित्राचं ऐका, शेठचं नको. प्रत्येक फॉरमॅट म्हणजे बाहेरून आलेली फाइल वाचणारा अजून एक कोड. 2014 चं हार्टब्लीड हे सुरक्षेचं भोक आठवतंय का? ओपनएसएसएल ह्या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतलं हार्टबीट हे फीचर फारच थोडे लोक वापरत होते पण ते डिफॉल्ट चालू कंपाइल झालेलं होतं, आणि ज्यांना लगेच अपडेट करणं शक्य नव्हतं त्यांच्यासाठी उपाय काय होता तर तेच फीचर बंद करून परत कंपाइल करा. 2023 च्या सप्टेंबरात लिबवेबपी ह्या वेबपी चित्रं वाचणाऱ्या लायब्ररीचं भोक निघालं, तेव्हा ब्राउझरपासून सगळ्यांची पळापळ झाली. आणि खुद्द इमेजमॅजिकचं 2016 चं इमेजट्रॅजिक तर विसरूच नका, नुसतं चित्र उघडलं की त्यातली शेल कमांड चालायची.

तुमच्याकडे फाइली येतात कुठून? घरच्याच असतील तर एवढं टेन्शन नाही.

रावपुरा_प्रेसवाला
अहो घरच्या कुठल्या, सगळ्या गिऱ्हाइकाच्या! व्हॉट्सअॅपवर, मेलवर, पेनड्राइव्हवर. आयफोनवाले हेइक फोटो पाठवतात तेव्हा ते तर लागणारच. पीडीएफचे प्रिव्ह्यू पण काढतो. डेजाव्हू (स्कॅन केलेल्या कागदांचा फॉरमॅट) आजपर्यंत कोणी आणलेलं नाही.

ग्वाल्हेरचा_बंड्या
कुलूपकिल्लीभाऊ, घाबरवता किती हो. फीचर कंपाइल करणं आणि ते चालू देणं ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात. इमेजमॅजिकला पॉलिसी एक्सएमएल ही नियमांची फाइल आहे, त्यात एखाद्या फॉरमॅटचे राइट्स 'नन' केले की कोड असूनही तो उघडत नाही. 2018 ला घोस्टस्क्रिप्टमध्ये (पीडीएफ, पीएस वाचणारं सॉफ्टवेअर) भोकं सापडली तेव्हा उबुंटूने हेच केलं, पीडीएफ पीएस बंद, आणि तेव्हापासून लोक ती ओळ काढायची कशी हेच विचारत फिरतायत. तर काउंटरच्या मशीनवर पीडीएफ बंद, प्रूफच्या मशीनवर चालू, पॅकेज एकच. फक्त लायब्ररीचं ओझं तसंच राहतं, त्यात ताईंचं बरोबर आहे.

ते पण टाळायचं असेल तर विथ-मॉड्यूल्स करून बनवा, मग प्रत्येक फॉरमॅटची वेगळी फाइल होते. डेबियनवाले त्यातल्या एसव्हीजी, डब्ल्यूएमएफ, ओपन ईएक्सआर, डेजाव्हूच्या फाइली वेगळ्या एक्स्ट्रा पॅकेजमध्ये देतात, ज्याला पाहिजे त्याने टाकावं. आपल्यासारख्यांना हा रस्ता बरा.

एचडीआरआयचं मात्र वेगळं धरा, ते फॉरमॅट नाही, रंगाचे आकडे जास्त बारकाईने साठवायची पद्धत आहे. 7 मध्ये ते डिफॉल्ट चालू असतं आणि प्रत्येक चॅनलला 2 ऐवजी 4 बाइट घेतं. 300 डीपीआयचं ए4 पान म्हणजे 2480 बाय 3508 पिक्सेल, चार चॅनल धरले तर 139 एमबीच्या आसपास, बंद केलं तर निम्मं. फ्लेक्सच्या साइजला मशीन घुसमटते ती ह्यामुळे. पण बंद केलंत की लायब्ररीचं नावच बदलतं, म्हणजे तिच्यावर दुसरं काही कंपाइल केलेलं असेल, पीएचपीचं एक्स्टेंशन वगैरे, तर ते पण नव्याने करायचं. म्हणून हे आत्ता पहिल्याच वेळी ठरवून टाका.

डेबवाली_ताई
मॉड्यूल्सला माझं पण मत. एकच सांगते, एकदा पॅकेज दुकानात गेलं की त्याच नावाखाली फीचर काढू नका. 2024 ला डेबियनच्या अनस्टेबलमध्ये कीपासएक्ससी ह्या पासवर्डवाल्या सॉफ्टवेअरचं तेच झालं, मेंटेनरने नेटवर्क, ब्राउझर जोडणी सगळं काढून नेहमीच्या नावाचं पॅकेज सडं केलं आणि पूर्णवाल्याला 'फुल' नाव दिलं. त्याचा युक्तिवाद सुरक्षेचा होता, आणि तो चूक होता असं मी म्हणणार नाही, पण अपडेट केलं आणि ब्राउझरची जोडणी गायब, लोक वैतागून मूळ प्रोजेक्टवाल्यांच्या डोक्यावर. आधी कमी ठेवून नंतर वाढवलं तर कोणाची तक्रार येत नाही.

पोहे_शेव
एवढं कशाला करताय, डेबियन 13 टाका ना, त्यात 7 आयतं मिळतं.

रावपुरा_प्रेसवाला
भाऊ, फ्लेक्स मशीनचं सॉफ्टवेअर 22.04 सोडून कशावर चालत नाही, नाहीतर केलंच असतं.

बरं, ठरलं असं: रक्म, हेइक, वेबपी मुख्य पॅकेजमध्ये, सगळं 'विथ' लिहून. मॉड्यूल्स चालू, एचडीआरआय बंद, पीएचपी आमच्याकडे नाहीच. डेजाव्हू, ओपन ईएक्सआर, डब्ल्यूएमएफ 'विदाऊट'. काउंटरवर पीडीएफ पॉलिसीतून बंद. शेठना सांगितलंय की पाहिजे तेव्हा एक्स्ट्रा पॅकेज करून देतो, ते म्हणाले चालेल. ताई, टेस्टला फॉन्ट कुठला घेऊ, आम्ही छापतो तो विकतचा आहे, कंटेनरमध्ये टाकता येणार नाही.

डेबवाली_ताई
नोटो सॅन्स देवनागरी घ्या, मोकळा आहे, नोटोच्या कोअर पॅकेजमध्ये येतो. तेच बिल्ड-डिपेंड्समध्ये टाका. आणि एक गुजराती शब्द पण टेस्टला ठेवा.