दिवाळी वाचन-चिठ्ठ्या: अंकांचं पार्सल अडकलंय, शुक्रवारच्या आत काहीतरी ठरवूया

मृणाल, सोमवार रात्री 9:50

नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळाने मागवलेलं दिवाळी अंकांचं पार्सल इथे जर्मनीच्या कस्टम्समध्ये अडकलंय. आज श्रीकांतकाकांच्या पत्त्यावर पत्र आलं. आत बिल नाही, तेव्हा बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा घेऊन या, असं त्यात लिहिलंय. पुण्याच्या दुकानदाराला मेल केला आहे, तिकडे ऐन दिवाळीची गर्दी, उत्तर कधी येईल सांगता येत नाही.

वसुबारस शुक्रवारी. कोजागरीला सगळ्या घरांनी डब्यातून, दिवाळीच्या कुठल्या दिवशी काय वाचायचं ते छापलेल्या चिठ्ठ्या उचलल्या आहेत. पहिल्या चार दिवसांच्या चिठ्ठ्या घरातल्या पुस्तकांवर भागतील. पण पाडव्याच्या आणि भाऊबीजेच्या चिठ्ठीवर 'यंदाच्या दिवाळी अंकातून' असं स्पष्ट छापलंय. अंकच नसतील तर त्या घरांनी काय वाचायचं? सुचवा, आणि लवकर सुचवा.

मृणाल

---

नीलेश, सोमवार रात्री 10:15

मृणाल, एवढं टेन्शन कशाला? माझ्या कॉलेजच्या ग्रुपवर यंदाच्या तीन-चार अंकांचे पीडीएफ आलेत. उद्या ड्राइव्हवर टाकून लिंक देतो. सगळ्यांना एकदम मिळतील, पार्सल येवो न येवो. तसाही पाच अंकांचा एक संच एवढ्या घरांत फिरेपर्यंत होळी येते.

---

श्रीकांत, मंगळवार सकाळी 7:05

सर्वांस नमस्कार.

पार्सल माझ्या नावावर आहे. बिल हातात आलं की मीच जाऊन घेऊन येईन, दुसऱ्या कोणी जायचं कारण नाही. दुसऱ्या कुणाला पाठवायचं तर अधिकारपत्र, ओळखपत्र सगळं लागतं.

आणि अंक होळीपर्यंत फिरतात हे खरं आहे, पण ते तसेच फिरायला हवेत. अंक घरी नेताना वहीत नाव आणि तारीख लिहायची, दोन आठवड्यांनी पुढच्या घरी पोचवायचा, ही पद्धत मंडळ सुरू झाल्यापासून आहे. ती मोडायची असेल तर आधी समितीत बोला.

श्रीकांत
(ग्रंथालय)

---

समीर, मंगळवार सकाळी 8:40

कस्टम्सचं मी सांगतो, मागच्या वर्षी आमचं लोणच्याचं पार्सल याच फेऱ्यात सापडलं होतं.

पार्सलवर दुकानदाराने 'भेट' असं लिहिलं असेल तर त्याचा उपयोग नाही. 45 युरोपर्यंतची सूट एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेल्या भेटीला असते, दुकानाने विकलेल्या मालाला नसते. जुलै 2021 पासून युरोपियन युनियनबाहेरून येणाऱ्या अगदी स्वस्त मालावरही व्हॅट भरावा लागतो. आधी 22 युरोपर्यंत माफ होता, तो नियम गेला. पुस्तकांवर इथे 7 टक्के. म्हणजे रक्कम किरकोळच आहे, खरा घोळ कागदाचा आहे. दुकानदाराकडून बिलाचा पीडीएफ आणि बँकेच्या स्टेटमेंटचं ते पान, एवढं पुरतं. मृणाल, पैसे तुझ्या खात्यातून गेले ना? मग ते पान काकांना आजच पाठव. पत्रावर मुदत छापलेली असते, ती आधी बघा, नाहीतर पार्सल परत जाईल.

---

अनघा, मंगळवार दुपारी 1:30

नीलेश, ती लिंक कृपा करून टाकू नकोस.

माझे वडील सांगलीत एका छापखान्यात कंपोझिटर होते. गणपती गेले की छापखान्यात अंकांची कामं सुरू व्हायची आणि दसऱ्यानंतर बाबा रात्री घरी नसायचेच. आई डबा घेऊन मला पाठवायची. खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या, खणांसमोर ते उभे, डाव्या हातात अक्षरं जुळवायची स्टिक, उजवा हात न बघता खणातून अक्षर उचलतोय. जोडाक्षरांचे खण वेगळे. एक पान लागलं की दोऱ्याने बांधून, शाई फिरवून त्याचं प्रूफ काढायचं, चुका काढायच्या, चिमट्याने खिळा उपसून दुसरा बसवायचा. त्या महिन्याच्या ओव्हरटाइमवर आमच्या घरी दिवाळीचे कपडे यायचे. अंक खपला नाही की पुढच्या वर्षी काम कमी, हे मी लहानपणापासून पाहिलंय.

आता खिळे गेले, पण अंक काढणाऱ्यांचं गणित तेच आहे. जाहिराती आणि विक्री, तिसरं काही नाही. कितीतरी अंक एक माणूस आपल्या घरातून काढतो. 1909 साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस फराळासोबत वाचायला काहीतरी विकत घेतोय. शंभरहून जास्त वर्षं चाललेली ही गोष्ट आपण फुकटच्या पीडीएफने पोखरू नये. आपण इथे कॉफीला चार युरो देतो, अंकाला द्यायला काय हरकत आहे?

अनघा

---

केतकी, मंगळवार दुपारी 2:10

अनघाताई, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. शनिवारी आमच्या मराठीच्या वर्गात येऊन मुलांना हे सांगाल का? चौथीच्या मुलांना खिळा म्हणजे काय हे कळू दे. त्यांना अजून 'ळ' काढताना दोन्ही गोल एका रेघेत बसवता येत नाहीत, खिळ्यातला उलटा 'ळ' बघून मजा वाटेल.

आणि मृणाल, चिठ्ठ्यांबद्दल बोलतोच आहोत तर: मुलांच्या चिठ्ठ्या आमच्या वर्गाला न विचारता छापल्या गेल्या. 'एक कथा वाचा' हे सात वर्षांच्या मुलाला जमत नाही. आईने वाचलेलं ऐकलं तर ते धरायचं की नाही?

---

प्राची, मंगळवार दुपारी 3:00

ऐकलेलं धरायचंच. माझी आजी शाळेत गेली नव्हती, पण अंकातल्या गोष्टी तिला पाठ होत्या, कारण आजोबा रोज रात्री जेवणं झाली की ओसरीवर मोठ्याने वाचायचे. शेजारचेही येऊन बसायचे.

दुसरं म्हणजे, फराळाच्या ऑर्डरची शेवटची तारीख कधी? चिवडा दोन किलो हवाय.

---

नीलेश, मंगळवार संध्याकाळी 6:20

अनघाताई, लिंक टाकत नाही. तुमचं म्हणणं पटलं. पण माझा मुद्दा वाचून दाखवण्याचा किंवा फुकट मिळवण्याचा नव्हता. मला भीती ही आहे की अंक हातात नसेल तर ज्या घरांनी यंदा पहिल्यांदा चिठ्ठी घेतली आहे ती गळतील. आमच्या इमारतीतलं नवीन जोडपं नागपूरहून मार्चमध्ये आलंय. त्यांच्याकडे एकही मराठी पुस्तक नाही, सामान म्हणजे विमानातून आणलेल्या दोन बॅगा. त्यांना पाडव्याची चिठ्ठी लागली आहे. त्यांनी काय करायचं ते सांगा, मग मी गप्प बसतो.

---

श्रीकांत, मंगळवार संध्याकाळी 7:00

नागपूरच्या जोडप्याला माझ्याकडे पाठव. ग्रंथालयाचं कपाट माझ्या तळघरात आहे, किल्ली माझ्याकडे असते. गेल्या वर्षीचे अंक आहेत, त्याआधीचेही आहेत. चिठ्ठीवर 'यंदाच्या' छापलंय म्हणून जुना अंक वाचायचा नाही असं कोणी म्हणत असेल तर मला मान्य नाही. चांगली कथा शिळी होत नाही.

केतकीताई, वर्गाच्या मुलांची पुस्तकंही याच कपाटातली आहेत आणि तीही वहीत नोंदवूनच जातात. गणपतीत नेलेली अजून परत आलेली नाहीत.

---

केतकी, मंगळवार रात्री 8:15

काका, ती पुस्तकं वर्गाच्या कपाटात आहेत, कारण ती वर्गासाठीच घेतली होती. शनिवारी यादी आणते, समोरासमोर बसून जुळवूया.

लहान मुलांसाठी मात्र अंकांची अडचण येऊ नये. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय आणि जुने अंक त्यांनी स्वतःच ऑनलाइन मोफत ठेवलेत. कुणाच्या खिशाला हात न लावता मुलं वाचू शकतात. मी वर्गात प्रिंट काढून वाटते तेव्हा आईबाबांचंच चालू होतं, 'अगं हा अंक आमच्याकडे होता!' मुलं बाजूला राहतात आणि बाबा शब्दकोडं सोडवत बसतात. ते मला फार आवडतं.

---

समीर, मंगळवार रात्री 9:05

मोफत आणि रीतसर हवं असेल तर अजून एक वाट आहे. इथे लेखकाच्या मृत्यूनंतर 70 वर्षं कॉपीराइट असतो, भारतात 60. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लिखाण भारतात 2011 पासून आणि इथे 2021 पासून मोकळं आहे. मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात त्यांचं बरंच वाचायला मिळतं. बालकवी 1918 मध्ये गेले, केशवसुत 1905 मध्ये, लक्ष्मीबाई टिळक 1936 मध्ये. यातलं काहीही छापा, वाटा, मोठ्याने वाचा, कोणाचं काही बुडत नाही. नरकचतुर्दशीच्या चिठ्ठीवर 'उजाडायच्या आत एक कविता' असं आहे ना? बालकवींची 'अरुण' घ्या. अभ्यंगाचं तेल अंगाला लागलेलं असताना बाहेर उजाडत असतं, तेव्हा ती कविता वाचून बघा. इथे ऑक्टोबरमध्ये साडेसातशिवाय उजाडत नाही, म्हणजे मुलांना पहाटे चारला उठवायचीही गरज नाही.

---

अनघा, मंगळवार रात्री 9:30

समीर, 'अरुण' छानच. पण दिवाळी अंकाची जागा जुन्या पुस्तकांनी भरून निघत नाही. अंकात आजचा लिहिणारा असतो. बीडचा कोणी शिक्षक, गडचिरोलीची कोणी नर्स, ज्याचं अजून पुस्तक आलेलं नाही त्याची पहिली कथा अंकातच येते. इथे राहून आपल्याला आजची मराठी कुठे भेटते? आपण आपण निघालो त्या वर्षीची मराठी बोलत राहतो. म्हणून पाडवा आणि भाऊबीज यंदाच्याच अंकांवर राहू द्या. बऱ्याच अंकांच्या डिजिटल आवृत्त्या विकत मिळतात. मंडळाने दोन विकत घ्याव्यात.

---

श्रीकांत, मंगळवार रात्री 9:55

विकत घेतलेली डिजिटल प्रत एवढ्या घरांना पाठवली तर ती नीलेशच्या लिंकपेक्षा वेगळी कशी?

---

अनघा, मंगळवार रात्री 10:10

पाठवायची नाही. ज्या घरी चिठ्ठी लागली आहे त्या घराने आपली स्वतःची घ्यायची. ज्यांना परवडत नाही, विद्यार्थी असतील, नुकतेच आलेले असतील, त्यांची मंडळ घेईल. नागपूरच्या जोडप्याची मी घेते. पाडव्याची ओवाळणी समजा.

---

मृणाल, बुधवार सकाळी 6:45

दुकानदाराचं बिल पहाटे आलं! काका, बिल आणि स्टेटमेंट दोन्ही तुम्हाला पाठवलंय. पत्रावरची मुदत पुढच्या मंगळवारपर्यंत आहे, पण आज-उद्याच जमलं तर शनिवारी वर्गाच्या वेळी संच हॉलवर आणता येईल.

बाकी असं करूया. वसुबारसेला घरातलं कुठलंही प्राण्यांचं पुस्तक, मुलांना ऐकलेलं चालेल. केतकी, पुढच्या वर्षी मुलांच्या चिठ्ठ्या तुझ्या वर्गाने लिहा, मी छापते. धनत्रयोदशीला घरातलं सगळ्यात जपलेलं पुस्तक, त्याचा फोटो इथे टाका. आमच्याकडे आजोबांची जाडजूड पाककृतींची वही आहे, तीच मी पुस्तक म्हणून लावणार आहे, कारण हळदीचे डाग पडलेली ती वही आमच्या घरातली सगळ्यात जास्त वाचलेली आहे. नरकचतुर्दशीला 'अरुण'. लक्ष्मीपूजनाला वहीपूजनाची चिठ्ठी आहे तशीच: कोरी वही, पहिल्या पानावर वर्षभरात काय वाचायचंय ते. पाडव्याला आणि भाऊबीजेला यंदाचा अंक, कागदी मिळाला तर कागदी, नाहीतर आपापला विकत घेतलेला. भाऊबीजेला फोन लावताना भारतातली वेळ बघा, इकडे संध्याकाळचे सात म्हणजे तिकडे रात्रीचे साडेदहा.

प्राची, फराळाची शेवटची तारीख गुरुवार. चिवडा दोन किलो लिहिलाय.

---

विभा, बुधवार सकाळी 8:20

मी फार लिहीत नाही इथे, फक्त वाचते. भाऊबीजेची चिठ्ठी मला लागली आहे. माझा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला. चिठ्ठी बदलून मिळेल का विचारणार होते. पण प्राचीने आजोबांच्या ओसरीचं लिहिलं ते वाचून वाटलं, नको बदलायला. त्याच्या मुलीला फोन लावेन. ती दहा वर्षांची आहे. तिला काय वाचून दाखवू?

---

केतकी, बुधवार सकाळी 8:35

विभाताई, दहा वर्षांच्या मुलीला 'किशोर'चे जुने दिवाळी अंक फार आवडतील. तिचा बाबा तिच्याएवढा असतानाच्या वर्षाचा निवडा. त्याने तेव्हा वाचलाही असेल. वर्ष सांगा, मी शोधून पाठवते.

---

श्रीकांत, बुधवार दुपारी 12:40

कस्टम्समधून आलो. व्हॅट भरला, पावती मृणालला दिली आहे. पाचही अंक ठीक आहेत, एकाचं मुखपृष्ठ कोपऱ्यात दुमडलंय, ते चिकटपट्टीने नीट केलं. संच आत्ता माझ्याकडे आहे. पाडव्याचे अंक शनिवारी हॉलवर देईन, भाऊबीजेचे त्यांच्याकडून पुढे जातील. वही आणतो आहे. नाव आणि तारीख लिहूनच अंक न्यायचा.

विभाताई, तुम्हाला हवा असेल तो आधी घ्या.