इंडेक्स फंडातील तंबाखू कंपनीचे काय करावे?

दातांचा_डॉक्टर:
मी मिरजेत दंतवैद्य आहे. सुपारी-तंबाखूच्या सवयीमुळे ज्यांच्या तोंडात दोन बोटेही नीट जात नाहीत, असे तरुण माझ्याकडे नेहमी येतात आणि त्यांतील काहींना बायोप्सीसाठी पुढे पाठवावे लागते. माझी निवृत्तीची बचत मात्र एसआयपीने (ठरावीक हप्त्याने) निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या त्या निर्देशांकाप्रमाणेच शेअर घेणाऱ्या फंडात जाते आणि त्या निर्देशांकात आयटीसी आहे. ही कंपनी आटा, बिस्किटे, वह्याही विकते हे खरे. पण तिच्या नफ्याचा मोठा वाटा सिगारेटचाच असतो. रुग्णाला व्यसन सोडायला सांगायचे आणि त्याच धंद्यात भागीदार राहायचे, हे मनाला पटत नाही. फंड बदलावा, की हे नुसते सोवळे ठरेल?

हिशेबी_पुणेकर:
डॉक्टर, आपला फंड हे शेअर कंपनीकडून नव्हे, तर बाजारातल्या दुसऱ्या कोणा विक्रेत्याकडून घेतो. त्यामुळे आपल्या हप्त्यातला एक रुपयाही सिगारेटच्या कारखान्यात पोहोचत नाही. आयटीसीला भांडवलासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही, उलट तीच दरवर्षी घसघशीत लाभांश वाटते. निर्देशांकात तिचा वाटा समजा तीन टक्के धरला, तर १०,००० च्या हप्त्यात हा प्रश्न ३०० रुपयांचा आहे. शिवाय आपल्या रुग्णांचा गुटखा-मावा बनवणारे बहुतेक जण शेअर बाजारात नाहीतच. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ मध्ये बंदी आली, तरी तो टपरीवर मिळतोच. ती रडकथा वेगळी.

कावेरीकाठ:
पैसा तिकडे जात नाही हे मान्य, पण तिकडून येतो त्याचे काय? जो लाभांश आपण घसघशीत म्हणता, तो सिगारेट ओढणाऱ्याच्या खिशातूनच आलेला असतो आणि फंडामार्फत आपल्या पदरात पडतो. मालकी बाजारातून घेतली म्हणून ती मालकी नाही, असे होत नाही.

या विसंगतीत डॉक्टर एकटे नाहीत. सरकारने २०१० मध्ये सिगारेट उत्पादनात थेट परकीय गुंतवणुकीला मनाई केली. त्याच सरकारच्या आयुर्विमा महामंडळाकडे आयटीसीचे सुमारे १५ टक्के समभाग आहेत. सरकारी विमा कंपन्यांच्या तंबाखूतील गुंतवणुकीविरुद्ध २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली होती. भविष्यनिर्वाह निधीचा काही भाग ऑगस्ट २०१५ पासून निफ्टी आणि सेन्सेक्सच्या ईटीएफमध्ये (बाजारात शेअरप्रमाणे विकल्या जाणाऱ्या इंडेक्स फंडांत) जात असल्याने, ज्यांनी आयुष्यात एकही शेअर घेतला नाही असे नोकरदारही यात आले. नॉर्वेच्या सरकारी निधीने मात्र २०१० मध्ये तंबाखू उत्पादकांना यादीतून वगळले. तो निधी स्वतः तेलाच्या पैशावर उभा आहे, हे हिशेबी_पुणेकर सांगतीलच, म्हणून मीच सांगते.

युनिटधारक:
व्यवहाराचे बोलतो. निफ्टी १०० ईएसजी (पर्यावरण, समाज आणि कारभार या कसोट्या लावणाऱ्या) निर्देशांकात तंबाखू, मद्य आणि जुगार यांतील कंपन्या घेत नाहीत. मात्र त्यावरील फंडाचा खर्च साध्या निफ्टी फंडापेक्षा किती जास्त आहे ते आधी पाहा. केवळ 'ईएसजी' या शिक्क्यावर विसंबू नका, कारण कंपन्यांना अशी श्रेणी देणाऱ्या एमएससीआय या संस्थेने आयटीसीला याच कसोटीवर 'एए' अशी वरची श्रेणी दिलेली आहे. तेथे कंपनीची तुलना तिच्याच व्यवसायातील इतरांशी होते आणि पाणी, वीज, कारभार यांनाही गुण असतात.

'भागधारक म्हणून आत राहून आवाज उठवू' असेही काही जण म्हणतात, पण तो युक्तिवाद मला फारसा पटत नाही. एप्रिल २०२२ पासून म्युच्युअल फंडांना प्रत्येक ठरावावर मतदान करावे लागते आणि त्याचा तपशील संकेतस्थळावर ठेवावा लागतो, तो वाचा. संचालकांची नेमणूक, लेखापरीक्षक, मानधन हे विषय दिसतील. सिगारेट बनवावी की नाही, हा ठराव मतदानाला येतच नाही.

जुने युनिट एकदम विकू नका. वर्षापेक्षा जुन्या युनिटवर आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आहे, त्यापुढे साडेबारा टक्के कर लागतो.

दातांचा_डॉक्टर:
सर्वांचे आभार. धूम्रपानानेही तोंडाचा कर्करोग होतो, त्यामुळे गुटखा आणि सिगारेट यांतला फरक मला दिलासा देत नाही. रक्कम ३०० ची की ३,००० ची, यानेही काही बदलत नाही. नवा हप्ता दुसरीकडे वळवतो, जुने युनिट सव्वा लाखाची मर्यादा सांभाळून दरवर्षी थोडे थोडे काढतो. एक शंका उरते: आयुर्विम्याच्या जुन्या पॉलिसीचे काय?

युनिटधारक:
पारंपरिक पॉलिसीत पैसा कोठे गुंतवावा हे पॉलिसीधारकाला निवडता येत नाही आणि मुदतीआधी ती मोडली तर नुकसान आपलेच होते. ती चालू ठेवा.